गणित घेऊ की संस्कृत?

प्रश्न : ताई, मी मिरजेची, यंदा बारावी सायन्स झाली. गणित मनापासून आवडतं, एखादं उदाहरण अडलं की जेवायला हाका मारल्या तरी उठत नाही. पण संस्कृतही तितकंच आवडतं, आजीने लहानपणापासून सुभाषितं पाठ करून घेतली, आता तिच्याबरोबर रघुवंश वाचतेय. बाबा म्हणतात बीएस्सी कर, संस्कृतच्या मॅडम म्हणतात बीए कर. एक सोडायचं म्हटलं की रडूच येतं. काय करू?

उत्तर : अगं, आधी रडणं थांबव, दोन विषय आवडणं म्हणजे धरसोड नव्हे. गोव्यात जन्मलेले दामोदर कोसंबी बघ, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलं, मग पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करत मुंबईला टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये, गणितच केलं, आणि त्याच माणसाने जुनी नाणी तराजूत तोलून त्यांच्या वजनांना स्टॅटिस्टिक्स लावलं, १९४८ मध्ये भर्तृहरीच्या श्लोकांची चिकित्सक आवृत्तीही (जुनी हस्तलिखितं ताडून ठरवलेला पाठ) काढली. आणि संस्कृत त्यांचं पक्कं झालं ते भर्तृहरीवर काम करता करताच.

म्हणून मी तरी मेजर गणित घे म्हणेन. नोकरीचं सोड, माझं कारण वेगळंच आहे. बीएस्सी मॅथ्स करून पुढे एमए संस्कृत करायला बऱ्याच विद्यापीठांत वाट असते, पण बीए संस्कृत करून एमएस्सी मॅथ्सला जायचं तर दार जवळजवळ बंदच, कारण अ‍ॅनालिसिस, अल्जिब्रा हे पायरी पायरीने वर्गात बसून, चुका कोणीतरी दाखवत शिकावं लागतं आणि दोन-तीन वर्षांचा खंड पडला की हात जातो. मी बीए केलं आणि तिशीत परत गणिताचं पुस्तक उघडलं, खूप जड गेलं गं, अजून हळहळ वाटते. आणि तुझ्याकडे तर संस्कृत शिकवणारी आजी घरातच आहे!

फक्त "नंतर बघू" म्हणून संस्कृत माळ्यावर टाकू नकोस. नवीन शैक्षणिक धोरणात मायनर, म्हणजे दुय्यम विषय, असतो, पण गणिताबरोबर संस्कृत मिळेलच असं नाही, बऱ्याच कॉलेजात टाइमटेबलमध्ये बसतच नाही, तेव्हा अ‍ॅडमिशनच्या आधी ऑफिसात नाही, डिपार्टमेंटमध्ये जाऊन विचार. नाही जमलं तर यूजीसीने २०२२ पासून एकाच वेळी दोन डिग्र्या करायला परवानगी दिलीये, एक रेग्युलर आणि दुसरी इग्नूसारख्या ठिकाणाहून डिस्टन्सने. मात्र पहिल्या वर्षी लगेच दोन्ही नको, एक सेमिस्टर गणिताचा वेग बघ मग ठरव.

आणि एक गंमत करून बघ. भुजंगप्रयात वृत्तात एका चरणात १२ अक्षरं, प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरु, तर १२ अक्षरांचे एकूण साचे किती होतील? ४०९६. ही मोजणी वृत्तांवरच्या एका प्राचीन संस्कृत ग्रंथात, पिंगलाच्या छंदःशास्त्रात आहे. आता अक्षरांऐवजी मात्रा धर, लघुची एक, गुरुच्या दोन, आणि १, २, ३, ४, ५ मात्रांचे साचे मोजत जा, १, २, ३, ५, ८ येतील, का येतात ते स्वतः शोध. आजीला श्लोक म्हणायला लाव, तू वहीत लघु-गुरु मांड, आणि सापडलं की मला कळव, मी खरंच वाट बघतेय.