नाताळ आणि दुसरी वेचणी

१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय पोरी,

सलाम.

परवा तुझा फोन आला तेव्हा तू नुकतीच वावरातून आली होतीस. आवाजावरूनच कळलं. ‘बाई, सासूबाईंचे गुडघे धरलेत, यंदा सारा नाताळ माझ्यावर आला. अकरा पाहुणे, कापूस अर्धा झाडावरच, मला काहीच सुचून नाही राहिलं,’ असं म्हणालीस. फोनवर मी ‘होईल, होईल’ म्हटलं, पण ठेवल्यावर वाटलं, हे काही नीट सांगणं झालं नाही. संडे स्कूलमध्ये तू वचनं पाठ करायचीस तेव्हापासून तुला ओळखते. तुला काम जड जात नाही. सगळं काम एकटीनं ध्यानात ठेवायचं, हे जड जातंय. म्हणून सविस्तर लिहिते.

मी लग्नानंतर सोळा नाताळ डोक्यात ठेवून केले. कुणाचा शर्ट शिलाईला दिला, मटण कुणाला सांगितलं, रवा किती उरला, सगळं माझ्या एकटीच्या डोक्यात. सतराव्या वर्षी २३ तारखेला मला सणकून ताप भरला. घरात माणसं कमी नव्हती आणि कामाला कुणी नाही म्हणत नव्हतं, पण काय करायचं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. पोरांचे नवे कपडे शिंप्याकडेच राहिले. ज्या काकूंकडून दरवर्षी दिवाळीचा डबा यायचा, त्यांच्याकडे आमचा डबा गेला नाही. काकू काही बोलल्या नाहीत, पण मला अजून लागतं ते. सगळे उपासनेला गेले आणि मी खाटेवर पडून रडले. तापानं नाही. मी घरातल्या कुणालाच काही ठाऊक होऊ दिलं नव्हतं, हे त्या रात्री उमगलं म्हणून.

म्हणून पहिलं काम हे: घरातलं कॅलेंडर स्वयंपाकघरातून काढून बैठकीत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लाव. डिसेंबरच्या पानाशेजारी एक कोरा कागद चिकटव. यंदा आगमनाचा पहिला रविवार ३० नोव्हेंबरला आहे. मग ७, १४ आणि २१ डिसेंबर. गुरुवारी नाताळ. हे चार रविवार देवानं आपल्याला तयारीसाठीच दिलेत असं मी मानते. पाळकसाहेब मनाच्या तयारीचं सांगतात ते खरंच आहे, पण घर गोंधळात असलं की मनालाही निवांतपणा मिळत नाही.

आणि कागदावर लिहायला बसशील तेव्हा स्वयंपाकापासून सुरुवात करू नकोस, वावरापासून कर. शहरातल्या आपल्या माणसांचा डिसेंबर वेगळा असतो. आपल्याकडे हा सण ऐन वेचणीत येतो. दुसरी वेचणी तोंडावर, हरभऱ्याला पाणी, गव्हाला पाणी, तुरीच्या शेंगा भरत आलेल्या. वेचणीच्या बाया कोणत्या दिवशी मिळणार ते आधी लिही. मग मोटारीची थ्री-फेज वीज कोणत्या आठवड्यात दिवसा आणि कोणत्या आठवड्यात रात्री आहे ते घरच्यांना विचारून लिही. आमच्याकडे एका वर्षी २४ च्या रात्रीच पाळी आली आणि माझे मालक उपासनेच्या वेळी विहिरीवर होते, एकटे, थंडीत. पुढच्या वर्षापासून आम्ही शेजारच्या वावरवाल्याशी बोलून ठेवलं. त्या रात्री तो आमचं ओलित पाहतो, पोळ्याच्या दिवशी आमचा माणूस त्याचं काम पाहतो. नोव्हेंबरात विचारलं तर असं जमतं. २४ ला सायंकाळी विचारलं तर नाही जमत.

आता पैशाचं. हे मी थोडं कडक सांगणार आहे. यंदाच्या पावसानं सोयाबीन किती हाती लागलं ते तू जाणतेस. सारी आस कापसावर. लांब धाग्याचा हमीभाव यंदा क्विंटलला ८,११० रुपये आहे, पण सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, द्यायचा तर ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी लागते, स्लॉट घ्यावा लागतो, आणि पैसे खात्यात यायला दिवस लागतात. शिवाय ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की कापूस घेत नाहीत, आणि ८ च्या वर गेला की भाव कापतात. डिसेंबरात सकाळी बोंडावर दहिवर असतं. घाईनं पहाटेच वेचलेला कापूस ओला भरतो. मग होतं काय, पोरांच्या कपड्यांसाठी हातात रोख हवी म्हणून तोच ओला कापूस गावात आलेल्या व्यापाऱ्याला पडेल त्या भावानं जातो. मी हे कितीतरी घरांत पाहिलंय. नवऱ्याशी आत्ताच बोल. नाताळाचा खर्च किती, आणि तो हातात असलेल्या पैशातून किती भागतो, हे दोघांनी मिळून कागदावर लिहा. येणाऱ्या कापसाच्या भरवशावर दुकानात उधारी लिहू नका. नाही भागलं तर कपडे फक्त पोरांना घ्या. धुऊन इस्त्री केलेल्या लुगड्यात तुझी सासू उपासनेत बसली तर देवाला काही कमी दिसत नाही. मंडळीचं, म्हणजे चर्चचं, विशेष दान आणि प्रीतिभोजनाची वर्गणी मात्र आधी बाजूला काढून पाकिटात ठेव. ते शेवटी काढायला गेलं की हात आखडतो.

सासूबाईंबद्दल. त्यांचे गुडघे गेलेत, मान गेलेला नाही. तू यादी करून त्यांच्यासमोर ठेवलीस तर त्यांना वाटेल, सुनेनं घर हातात घेतलं. तसं करू नकोस. रविवारी उपासनेहून आल्यावर जेवणं झाली की त्यांच्या खाटेजवळ बस आणि म्हण, ‘आई, तुम्ही सांगा, मी लिहिते.’ त्या जे सांगतील ते सगळं लिही, जास्तीचंही. मग नवऱ्याला, दिराला, पोरांना तिथंच बोलावून विचार, यातलं कोण काय घेतो. ज्यानं घेतलं त्याचं नाव त्याच्याच हातानं लिहून घे. आपल्या अक्षरात नाव असलं की माणूस विसरत नाही. दहा वर्षांच्या पोराचंही नाव लिही. बसून करायची कामं सासूबाईंना दे: करंज्या भरणं, लसूण सोलणं, आणि कोणत्या घरी काय पाठवायचं हे ठरवणं. हे शेवटचं त्यांच्याशिवाय कुणाला जमणारच नाही.

ही डब्यांची यादी वेगळी ठेव. दिवाळीत शेजारच्या घरांतून जे डबे आले ते रिकामे परत करायचे नसतात. आपल्या घरचा फराळ भरून ते २५ ला परत जातात. गावात आपली चार घरं. बाकी सारं गाव आपल्याला सणाला जे देतं त्याला उत्तर द्यायचा हाच दिवस. कोणाचा कोणता डबा, ते झाकणाला आतून कागद चिकटवून लिही. कोणाच्या घरी यंदा सुतक होतं, कोणाला साखर वर्ज्य आहे, तेही सासूबाईंना विचार. डबे वाटायचं काम पोरांना दे, पण एकेका पोराला एकेक गल्ली, आणि निघण्याआधी तोंडपाठ करून घे. हे काम माझ्या दृष्टीनं घरातल्या फराळापेक्षा मोठं आहे.

फराळ मात्र क्रमानं कर. अनारशांचे तांदूळ पहिल्या रविवारी भिजव. तीन दिवस भिजले पाहिजेत आणि पाणी रोज बदललं पाहिजे, नाहीतर वास धरतो. मग सावलीत फडक्यावर पसरून, जरा दमट असतानाच कुटून, गूळ मिसळून गोळा डब्यात भरून ठेव. तो मुरत राहतो आणि टिकतो, म्हणून हे काम आधी. शंकरपाळे, शेव आणि चिवडा १४ च्या आसपास. चकली त्यानंतर, कारण ती मऊ पडते. करंज्या २१ नंतर, आणि सारण सुक्या खोबऱ्याचं घे, ओल्याचं नको. अनारसे तळायचे २३ ला. एका दिवशी एकच पदार्थ, आणि सायंकाळी, वेचणीहून आल्यावर तास दीड तासात होईल एवढाच. दिवसभर वाकून कापूस वेचलेल्या बाईनं रात्री अकरापर्यंत कढईपुढं बसायचं, असा नाताळ मला मान्य नाही.

केकचं पीठ तालुक्याच्या बेकरीत भाजून आणायचं असेल तर २० च्या आत ने. त्यानंतर भट्टीवर रांग लागते. अंबिया बहाराची संत्री अजून येताहेत, त्यांच्या रसात मनुका दोन दिवस भिजव. बाहेरून काही आणायची गरज नाही.

पाहुण्यांचं सांगते. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधीच सुटतं, पूर्वी १२० होते. म्हणजे २३ डिसेंबरची तिकिटं २४ ऑक्टोबरलाच सुटली. पुण्याच्या दिरांनी काढली असतील तर गाडी कोणती आणि उतरणार कुठं, बडनेऱ्याला की धामणगावला, हे कॅलेंडरवर लिही. नसतील काढली तर आजच फोन कर. अकरा माणसं म्हणजे अकरा अंथरुणं. गोधड्या १४ ला उन्हात टाक, तेव्हाच मोज, कमी पडल्या तर आत्याकडून आण. पाहुणे रात्री दारात उभे असताना मोजायला बसू नकोस. आणि पाहुण्यांनाही काम दे. पुण्याची जाऊ हातावर हात ठेवून बसायला येत नाही, तिला कुठं काय ठेवलंय ते माहीत नसतं म्हणून ती बसते. तो भिंतीवरचा कागद तिच्याही कामाचा.

साफसफाई दिवाळीत झालीच असेल. फार अंगावर घेऊ नकोस.

पोरांच्या शाळांकडे लक्ष दे. तुझ्या थोरल्याच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत फक्त २५ ची सुट्टी, आणि तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जाणाऱ्या पुतणीला बहुधा आठवडाभर. म्हणजे चांदणी आणि गव्हाणीचं काम शनिवार-रविवारी लाव, नाहीतर थोरला हिरमुसतो. कामट्या आणि पतंगी कागद गावातच मिळतो. गव्हाणी तुराट्यांची आणि कडब्याची करू दे त्यांना. आपल्या पोरांना गव्हाण म्हणजे काय हे चित्रातून शिकवावं लागत नाही, कोठ्यात रोज पाहतात. येशू तिथं जन्मला हे त्यांना जितकं खरं वाटतं तितकं शहरातल्या पोराला क्वचितच वाटत असेल. हे मी संडे स्कूलच्या पंचवीस वर्षांवरून सांगते. नाताळाच्या नाटिकेचे संवाद पोरांकडून रोज जेवणानंतर दहा मिनिटं म्हणून घे, आणि घ्यायला आजीला बसव.

गाणारी मंडळी तुमच्या गावी कोणत्या रात्री येणार ते तरुण संघाकडून आधी विचारून घे. वीसेक माणसांचा चहा आणि मूठमूठ चिवडा लागतो. ढोलकी दारात वाजायला लागल्यावर दूध शोधायला जावं लागलं की गाणं ऐकायचं राहूनच जातं. तू ते ऐकावंस असं मला फार वाटतं. तुझा आवाज चांगला आहे, तूही म्हण.

२४ तारखेच्या रकान्यात दुपारनंतर काहीही लिहू नकोस. काही राहिलं असेल तर राहू दे. अनारसे कमी झाले तर कमी वाट. त्या सायंकाळी सगळ्यांनी एकत्र बसून लूकचा दुसरा अध्याय वाचा, धाकट्याला मांडीवर घे, आणि वेळेवर उपासनेला निघा. सासूबाईंना नेण्यासाठी गाडी कोण काढणार हे मात्र कागदावर असू दे.

मग २६ ला, पाहुणे झोपलेले असताना, त्याच कागदाच्या मागे लिही: रवा किती लागला, तेल किती उरलं, कोणता डबा चुकून दुसऱ्या घरी गेला, कुठं भांडण झालं आणि कशावरून. तो कागद बायबलमध्ये नाही, रेशन कार्डाच्या पिशवीत ठेव, म्हणजे पुढच्या वर्षी सापडेल. माझ्याकडे असे एकवीस कागद आहेत. पाहिजे असतील तर घेऊन जा.

३१ च्या रात्रीच्या उपासनेला मी तुमच्याच मंडळीत येणार आहे. माझ्यासाठी दोन अनारसे ठेव. आणि तांदळाचं पाणी रोज बदल, विसरू नकोस.

तुझी,
बाई