आधी स्पीकर बघा, मग पेडल घ्या

वाचकांचे प्रश्न : इलेक्ट्रिक गिटार

इलेक्ट्रिक गिटारवर प्रश्न पाठवा म्हटलं, तर निम्म्याहून जास्त पत्रांचा शेवट एकच : "कुठलं पेडल घेऊ?" पेडल म्हणजे गिटार आणि स्पीकरच्या मधे लावायचा, पायानं चालू-बंद होणारा, आवाज बदलणारा डबा. मी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो आणि डोंबिवलीत शिकवण्या घेतो. पेडल विकत नाही, तेव्हा उत्तरं निर्धास्त वाचा.

प्रश्न : मी ४३ वर्षांचा, साताऱ्यात बँकेत नोकरीला. दिवाळीत हौसेनं स्ट्रॅट पद्धतीची गिटार आणि सेकंडहँड मल्टी-इफेक्ट्स प्रोसेसर (एकाच डब्यात बरीच पेडलं) घेतला. साधा आवाज बरा येतो, पण डिस्टॉर्शन लावलं की होम थिएटरमधून डब्यात माश्या कोंडल्यासारखं ऐकू येतं. ब्लूटूथ स्पीकरवर तर हात आणि आवाज यांचा मेळच बसत नाही. प्रोसेसर जुना म्हणून असं होत असेल का? डिस्टॉर्शनचं चांगलं पेडल वेगळं घेऊ का?

उत्तर : नका घेऊ. नवं पेडलही त्याच होम थिएटरला लावाल आणि माश्या तेवढ्याच राहतील.

डिस्टॉर्शन म्हणजे सिग्नल इतका वाढवायचा की त्याची टोकं छाटली जातात. टोकं छाटली की मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर तयार होतात, तेही ढिगानं. गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये दहा किंवा बारा इंची स्पीकर असतो आणि तो साधारण ५,००० हर्ट्झच्या वर फारसं वाजवतच नाही. त्यामुळे सगळी करकर तिथंच गाळली जाते. गाण्यांमधून आपल्या कानात बसलेला रॉक गिटारचा भरदार आवाज बहुतेक वेळा असा गाळून आलेला असतो. तुमच्या होम थिएटरला ट्वीटर, म्हणजे उंच सूर वाजवणारा छोटा स्पीकर, आहे. तो बिचारा इमानदारीनं सगळंच वाजवतो.

हे गाळण्याचं काम प्रोसेसरच्या आतच करता येतं. मेनूत 'कॅब', 'कॅबिनेट' किंवा 'आयआर' असं काहीतरी सापडेल, म्हणजे गिटारच्या स्पीकरपेटीची नक्कल, ते चालू करा. काही यंत्रांत याऐवजी आउटपुटची निवड असते : अ‍ॅम्प, लाइन, हेडफोन. आधीच्या मालकानं ती 'अ‍ॅम्प'वर ठेवलेली असण्याची शक्यता दाट आहे. ती 'लाइन' करा. उद्या खरा गिटार अ‍ॅम्प घेतलात तर हेच कॅब बंद करायचं, नाहीतर दोनदा गाळून आवाज रजईखालून आल्यासारखा येईल. ऑर्केस्ट्रात हल्ली अ‍ॅम्प कुणी उचलून नेत नाही, प्रोसेसर थेट मिक्सरला जातो. स्टेजवर गिटार करकरली की साउंडवाला पहिली नजर आमच्या कॅबवरच टाकतो.

मग गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) निम्मा करा. घरी एकट्यानं वाजवताना गेन नेहमी कमी वाटतो, म्हणून माणूस तो चढवत जातो. गेनबरोबर तारांवरून बोट घसरल्याचा आवाजही चढतो. 'मिड' (मधले सूर) शून्यावर ठेवायची फॅशन आहे, तिच्या नादी लागू नका. गिटारचा जीव त्या मधल्या पट्ट्यातच असतो.

ब्लूटूथबद्दल. आवाज गुंडाळून पाठवायचा आणि पलीकडे उलगडायचा, यात सेकंदाचा दहावा-पाचवा भाग सहज जातो. १५० मिलिसेकंद धरा. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे तुमचा स्पीकर पन्नास मीटरवर ठेवल्यासारखंच झालं. असा ठेका धरता येत नाही, कुणालाच. गाणी ऐकायला ब्लूटूथ, वाजवायला वायर. प्रोसेसरच्या हेडफोन जॅकमधून स्टीरिओ केबल थेट होम थिएटरच्या ऑक्सला लावा आणि 'सराउंड' बंद करा, तोही थोडा वेळ खातो. खरं तर कान झाकणारा वायरचा हेडफोन घेतलात तर होम थिएटरची गरजच नाही. घरचेही दुवा देतील.

प्रश्न : माझा मुलगा १४ वर्षांचा. वर्षभर क्लासला जातोय, गिटार आहे. आता त्याला पेडलबोर्ड हवाय. त्यानं पाच पेडलांची यादी दिली आहे. आम्ही वीस हजारांपर्यंत जाऊ शकतो. एवढं खरंच लागतं का? (एक आई, ठाणे)

उत्तर : ताई, लागत नाही. पण यादी फाडूही नका, मुलानं वेळ घालवून केली असणार.

पाच पेडलं म्हणजे फक्त पाच डबे नव्हेत. त्यांना जोडणाऱ्या पॅच केबल, वीजपुरवठा, बोर्ड, हे यादीत नसतं आणि बिलात असतं. यातलं वीजपुरवठ्याचं नीट समजून घ्या, कारण घरोघरी पेडलं तिथंच जळतात. बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट डीसी लागतो आणि प्लगच्या आतली बाजू ऋण असते. घरात पडलेल्या वाय-फाय राऊटरच्या अ‍ॅडाप्टरची पिन त्यात अगदी मापात बसते, मात्र तो बहुधा १२ व्होल्टचा असतो आणि त्याची आतली बाजू धन. अ‍ॅडाप्टरवर छोटं चित्र छापलेलं असतं : मधे ठिपका, भोवती अर्धवट गोल, दोन्ही बाजूंना अधिक-उणे. मुलाला ते वाचायला लावा. दहावीच्या विज्ञानालाही उपयोगी पडेल.

माझं मत : एकच मल्टी-इफेक्ट्स घ्या, सुरुवातीचं मॉडेल चालेल. त्यात ट्यूनर, मेट्रोनोम आणि ढोल-ताशाइतकं नाही तरी कामापुरतं ड्रम मशीनही बऱ्याचदा असतं. यूएसबी असेल तर त्यातून थेट लॅपटॉपवर रेकॉर्डिंग होतं. उरलेल्या पैशांतून हेडफोन, तारांचे दोन संच आणि गिटारचं सेटअप. हे सेटअप कुणी करत नाही. तारांची उंची, मान किती वाकली आहे, बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) सूर खरा लागतो का, हे जाणत्या माणसाकडून एकदा करून घेतलं की मुलाचा हात दुसऱ्या दिवशी बदललेला दिसेल. कुठलंही पेडल ते करू शकत नाही.

मग त्याच्याशी करार करा. मल्टी-इफेक्ट्समध्ये त्याच्या यादीतले पाचही इफेक्ट बहुधा असतील. सहा महिन्यांनी त्यातले कुठले रोज चालू असतात ते पाहायचं, आणि त्यातलं एक खरं पेडल वाढदिवसाला. माझा अंदाज ओव्हरड्राइव्ह (सौम्य डिस्टॉर्शन) किंवा डिले (प्रतिध्वनी). कोरस (एका गिटारच्या अनेक झाल्यासारखा आवाज) लोकांना गणपतीपर्यंत आवडतो, दिवाळीपर्यंत कंटाळा येतो.

प्रश्न : आधी अकूस्टिक शिकावीच लागते का? (नांदेड)

उत्तर : नाही. इलेक्ट्रिकच्या तारा बारीक, बोटं कमी सोलतात. जी वाजवायची आहे तीच शिका.

प्रश्न : वाईला आमच्या जुन्या वाड्यात गिटार लावली की सतत घूंऽऽ असा आवाज. तारांना हात लावला की कमी होतो. दुकानवाले गिटार बदलून देत नाहीत. नॉइज गेट घेऊ का? मित्र म्हणतो, प्लगची तिसरी पिन काढून टाक.

उत्तर : मित्राला चहा पाजा, पण प्लगला हात लावू देऊ नका. ती पिन अर्थिंगची आहे. ती काढल्यावर यंत्रात काही बिघडलं तर करंट तारांमधून तुमच्यापर्यंत येऊ शकतो. मांडवात गिटार धरून ओठ माइकला लागल्यावर झिणझिण्या आलेले वादक तुम्हाला कुठल्याही ऑर्केस्ट्रात भेटतील. त्याचं मूळ अर्थिंगच्या घोळातच असतं. पहिलं काम : वायरमनला बोलावून वाड्यात अर्थिंग खरोखर आहे का ते तपासा. जुन्या घरांत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते.

हात लावल्यावर आवाज कमी होणं हा दोष नाही. गिटारचा ब्रिज (तारा जिथं टेकतात तो धातूचा भाग) ग्राउंडला जोडलेला असतो, तुम्ही तारा धरल्या की तुमचं शरीरही त्याला जोडलं जातं. उरलेली घरघर सिंगल कॉइल पिकअपची, म्हणजे तारांचं कंपन टिपणाऱ्या भागाची. चुंबकाभोवती तारेचं वेटोळं, म्हणजे भोवतालच्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी आयता अँटेनाच. १९५५ मध्ये गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी दोन वेटोळी उलटसुलट जोडून घरघर एकमेकांत वजा केली, तोच हमबकर.

तुमची गिटार तीन सिंगल कॉइलची असेल तर पाच खटक्यांच्या स्विचवर दुसऱ्या आणि चौथ्या जागी ठेवून बघा. आजकालच्या बऱ्याच गिटारींत मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असतो, त्या दोन जागी घरघर जवळजवळ जाते. फुकटात. मग बसल्या जागी गिटारसकट हळूहळू वळा. एका कोनात आवाज पडेल, खुर्ची तिथं ठेवा. पंख्याचा रेग्युलेटर, डिमर, लॅपटॉपचा चार्जर एकेक बंद करून पाहा. एवढं करून उरलं तरच गेट. आणि गेट फक्त तुम्ही थांबल्यावर दार लावतं, वाजवताना घरघर आहे तशीच असते.

प्रश्न : मी भजनी मंडळात पेटी वाजवतो, पंढरपूरजवळ. इलेक्ट्रिक गिटारवर अभंगाच्या चाली मींडेसह वाजवायच्या आहेत. पाश्चात्त्य नोटेशन येत नाही. कुठले इफेक्ट लागतील?

उत्तर : या महिन्यातला माझा सगळ्यात आवडता प्रश्न. नोटेशन राहू द्या. जाड तारेकडून बारीक तारेकडे सहा तारा अशा : पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन. एक फ्रेट म्हणजे पेटीची पुढची पट्टी, काळी-पांढरी जी येईल ती. बुवा काळी दोनमध्ये गात असतील तर पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा आणि पांढरी दोनची बोटं ठेवा.

पेटीवर जी मींड निघत नाही ती इथं निघते, तार आडवी ढकलून. आधी रे वाजवा, मग दोन फ्रेट पुढचा शुद्ध गंधार वाजवून कानात धरा. पुन्हा रे वर या आणि तार ढकलत त्या गंधारापर्यंत न्या. बोट एकटं नाही, मागच्या फ्रेटवर आणखी दोन बोटं आधाराला, आणि जोर मनगटाचा. नऊ नंबरचा, म्हणजे बारीक तारांचा, संच लावा. सातव्या ते बाराव्या फ्रेटच्या पट्ट्यात तार मऊ पडते, सुरुवात तिथं करा.

इफेक्ट दोनच. हलका कॉम्प्रेसर, म्हणजे सूर लगेच विझत नाही. थोडा रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या खोलीतल्यासारखा घुमार. डिले नको, मींड गंधारावर पोचेपर्यंत मागून रिषभाची प्रतिध्वनी येत राहते आणि सगळा चिखल होतो. गिटारवरचा व्हॉल्यूमचा नॉब वापरायला मात्र शिका : तो शून्यावर ठेवून तार छेडायची आणि करंगळीनं हळूच उघडायचा. नखाचा टणत्कार जातो, सूर गजानं ओढल्यासारखा येतो.

शेवटचं, ट्यूनर पांढरी सहा ४४० हर्ट्झची धरून चालतो. तुमची पेटी किंचित चढी किंवा उतरी असू शकते. पेटीची पांढरी सहा दाबून ठेवा, ट्यूनर काय दाखवतो ते बघा, आणि प्रोसेसरच्या ट्यूनरमध्ये ४४० च्या जागी ४४१, ४४२, जे जुळेल ते घाला.