जॉली बॉय बेटावर पहिल्यांदा जाताय?

वंडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान अंदमानच्या यादीत घेतलंत, फार छान! सुरुवातीला एवढंच पक्कं करा:

१. कुठलं बेट उघडं आहे ते आधी विचारा. उद्यानात १५ बेटं आहेत, पण पर्यटकांना जॉली बॉय किंवा रेड स्किन, तीही आलटून-पालटून, प्रवाळांना विसावा मिळावा म्हणून. हिवाळा-उन्हाळ्यात साधारणपणे जॉली बॉय. सोमवारी बंद.

२. परवाना आदल्या दिवशीच काढा. बोटी सकाळी सुटतात आणि श्री विजयपुरमहून (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) वंडूरला पोचायला तासभर लागतो.

३. प्लास्टिक अजिबात नको. जेट्टीवर पिशव्या तपासतात. बेटावर दुकान नाही, म्हणून स्टीलच्या डब्यात पोळी-भाजी आणि भरपूर पाणी घ्या.

नवखे हमखास चुकतात ते पाण्यात. दम लागला की पाय टेकवतात, आणि खाली दगड नसतो, जिवंत प्रवाळ असतं! वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर ते सेंटिमीटर वाढणारं. लाइफ जॅकेट घालून तरंगत राहा. पोहता येत नसेल तर काचेच्या तळाची बोट आहेच, तिच्यातूनही मासे सुरेख दिसतात. किनाऱ्यावरचे प्रवाळाचे तुकडे मात्र उचलू नका, तो गुन्हा आहे; मुलांनाही आधीच सांगून ठेवा.

स्कूबाचं नंतर बघू. आधी हे एक बेट निवांत पाहा.