बंगाली दिग्दर्शक मृणाल सेन यांचे चित्रपट पाहायला घेताय?

कलकत्ता-त्रयीपासून, म्हणजे त्यांच्या कलकत्त्यावरच्या तीन चित्रपटांपासून सुरुवात करा, पण 'पदातिक' (१९७३) आधी नको. नक्षलबाडीची (१९६७ च्या बंगालमधल्या सशस्त्र शेतकरी उठावाची) पार्श्वभूमी माहीत नसेल तर फरारी कार्यकर्त्याचे पक्षनेतृत्वाबद्दलचे प्रश्न नुसती बडबड वाटतात. आधी 'इंटरव्ह्यू' (१९७१). कथा एवढीशीच: नोकरीच्या मुलाखतीला सूट हवा आणि लाँड्रीवाले नेमके संपावर! त्या संपात नायकाला कामगार दिसत नाहीत, स्वतःचा अडकलेला सूट तेवढा दिसतो. मध्यमवर्गाची सगळी गोची तिथेच आहे. ट्राममध्ये नट थेट कॅमेऱ्याशी बोलू लागला की गोंधळू नका, आपण कथेत गुंगून जाऊ नये म्हणूनच ती मोडतोड केलीय. शेवटी दुकानातल्या सूटवाल्या पुतळ्यावर तो का तुटून पडतो, हे कळलं नाही तर तेवढा भाग सबटायटल बंद करून पुन्हा बघा.