संख्याबळ नसलेला खासदार अल्पसंख्याकांसाठी काय करू शकतो?

तुमचा प्रश्न असा आहे: श्रीलंकेच्या संसदेत तमिळ खासदार वर्षानुवर्षं अल्पसंख्याकांची बाजू मांडत राहिले, पण मतं मोजायची वेळ आली की हार ठरलेलीच, मग त्या मांडण्यातून निघालं काय? एखादं उदाहरण घेऊन सांगा, असंही तुम्ही म्हटलंय.

हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे. मी बेळगावची. आमच्या शेताचा उतारा आला की बाबा तो घडी करून खिशात ठेवायचे आणि संध्याकाळी गल्लीतल्या कन्नड शाळेत शिकलेल्या मुलाकडे न्यायचे. तो मुलगा बोट ठेवून दाखवायचा, "काका, हे तुमचं नाव." आयुष्यभर जी जमीन कसली तिच्या कागदावरचं स्वतःचं नाव बाबांना वाचता येत नव्हतं. आमचे निवडून गेलेले आमदार विधानसभेत उठायचे, मराठीत कागद द्या म्हणायचे, आणि ते होते किती, तर मूठभर. हे सगळं कशासाठी, असं मलाही वाटायचं. पुढे राज्यशास्त्र शिकवायला लागले तेव्हा एस. जे. व्ही. चेल्वनायकम यांच्याबद्दल वाचनात आलं. तेव्हापासून या माणसानं मला सोडलेलं नाही. म्हणून उदाहरण त्यांचंच देते.

चेल्वनायकम १९४७ च्या निवडणुकीत देशाच्या उत्तरेकडच्या जाफना भागातल्या कांकेसन्तुरै मतदारसंघातून निवडून आले. पेशानं दिवाणी वकील, धर्मानं ख्रिस्ती, मतदार बहुतेक हिंदू. पक्ष होता जी. जी. पोन्नंबलम यांची तमिळ काँग्रेस. दुसऱ्याच वर्षी देश स्वतंत्र झाला आणि सरकारनं नागरिकत्वाचा कायदा आणला.

या कायद्याची रचना नीट समजून घ्या, सगळं त्यात आहे. मध्य डोंगराळ भागातल्या चहाच्या मळ्यांवर तमिळ मजूर होते. ब्रिटिशांनी त्यांच्या आज्या-पणज्यांना तमिळनाडूतून नेलं होतं. 'लाइन' म्हणतात त्या एकाला एक चिकटलेल्या खोल्यांत त्यांच्या पिढ्या जन्मल्या आणि संपल्या. लोकसंख्येत ते दहा टक्क्यांहून जास्त. कायदा म्हणाला, तुम्ही इथे जन्मलात एवढ्यानं भागणार नाही. तुमचे वडील इथे जन्मले होते हे दाखवा, नाहीतर आजोबा आणि पणजोबा दोघेही इथे जन्मले होते हे दाखवा. आता विचार करा, मळ्यावर पानं खुडणाऱ्या बाईनं पणजोबांचा जन्मदाखला आणायचा कुठून? कायद्यात 'तमिळ' हा शब्द कुठेही नाही. जे लाखो लोक बाहेर पडले ते मात्र जवळजवळ सगळे तेच होते. १९४९ मध्ये निवडणूक कायदा बदलून त्यांचं मतही काढून घेतलं. १९४७ मध्ये त्यांचे सहा-सात प्रतिनिधी निवडून आले होते, १९५२ मध्ये एकही नाही.

आता चेल्वनायकम यांची बाजू बघा. मळ्यावरचे तमिळ त्यांचे मतदार नव्हते. जाफन्याचे तमिळ स्वतःला वेगळे समजत. जातीचा, शिक्षणाचा, जुन्या मातीचा अभिमान बाळगत. मळ्यावरच्या मजुरासाठी जाफन्यात कुणी रडत नव्हतं. पक्षाचे नेते पोन्नंबलम यांनी १९४८ च्या विधेयकाला आधी विरोध केला, पण थोड्याच दिवसांत ते मंत्रिमंडळात जाऊन उद्योगमंत्री झाले. पक्षातल्या बाकीच्यांनाही सत्तेची दारं उघडीच होती. चेल्वनायकम गेले नाहीत. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता: आज हे त्यांच्यावर आलंय, उद्या भाषेचा प्रश्न निघेल तेव्हा हेच आपल्यावर येईल. १८ डिसेंबर १९४९ रोजी त्यांनी नवा पक्ष काढला, इलंगै तमिळ अरसु कच्ची. इंग्रजीत त्याला फेडरल पार्टी म्हणत. 'अरसु' या तमिळ शब्दाचा अर्थ शासन किंवा राज्य. संघराज्यातलं राज्य असं ते म्हणत होते, विरोधकांनी त्याचा अर्थ वेगळा देश असा लावला. त्या एका शब्दाचं ओझं पक्षाला कायम वाहावं लागलं.

आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. चेल्वनायकम यांचा स्वतःचा जन्म सिलोनमधला, म्हणजे तेव्हाच्या श्रीलंकेतला, नव्हता. १८९८ साली ते मलायातल्या इपोह गावी जन्मले, वडील तिकडे कामाला गेले होते म्हणून. घराणं जाफन्याचं, त्यामुळे वंशाच्या आधारावर ते नागरिक ठरले. म्हणजे परदेशी जन्मलेला हा माणूस नागरिक, आणि मळ्यावर जन्मून मळ्यावरच म्हातारी झालेली बाई परकी. तिच्यासाठी त्यांनी पक्ष सोडला. १९५२ मध्ये त्याची किंमतही मोजली, निवडणुकीत पडले. नव्या पक्षाच्या अवघ्या दोन जागा आल्या.

मग १९५६ उजाडलं आणि भाषेचं भाकीत खरं झालं. बंडारनायके सत्तेवर आले आणि सिंहली हीच एकमेव राजभाषा करणारा कायदा आणला. या वेळी चेल्वनायकम यांचे दहा खासदार होते, निवडून येणाऱ्या पंचाण्णव जागांपैकी. सभागृहात त्यांचा विरोध हरणार हे लहान मुलालाही कळत होतं. ५ जून १९५६ ला, विधेयक आलं त्या दिवशी, ते आणि त्यांचे सहकारी संसदेसमोरच्या गॉल फेस मैदानात सत्याग्रहाला बसले. जमाव त्यांच्यावर तुटून पडला. अमृतलिंगम हे तरुण खासदार डोक्याला पट्टी बांधून सभागृहात गेले. सभागृहात सिंहली डाव्यांनीही या कायद्याला विरोध केला. कॉल्विन डी सिल्वा तेव्हा म्हणाले होते, दोन भाषा ठेवाल तर एक राष्ट्र, एक भाषा कराल तर दोन राष्ट्रं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण सोळा वर्षांनी नवी राज्यघटना आली ती याच डी सिल्वांच्या हातची आणि तिनं सिंहलीचं स्थान आणखी पक्कं केलं.

तुम्ही विचाराल, मारच खाल्ला ना, मिळालं काय? मिळालं ते पुढच्या वर्षी. २६ जुलै १९५७ रोजी पंतप्रधान बंडारनायके यांनी याच चेल्वनायकमांशी करार केला. उत्तर आणि पूर्व प्रांतात प्रादेशिक परिषदा, त्यांच्याकडे शेती, जमीन, शिक्षण, आरोग्य असे विषय, आणि त्या दोन प्रांतांचा कारभार तमिळमध्ये. दहा खासदारांच्या नेत्यासमोर बहुमताचा पंतप्रधान बसला आणि सही करून उठला. सभागृहातल्या मतांनी हे घडलं नसतं. एका माणसाच्या मागे सगळा उत्तर भाग उभा आहे, तो शब्द फिरवत नाही आणि हात उगारत नाही, हे समोरच्याला पटलं होतं म्हणून ते घडलं.

करार टिकला नाही. विरोधी पक्षातल्या जयवर्धने यांनी विरोधात कँडीकडे पदयात्रा काढली. तमिळ भागात येणाऱ्या बसच्या नंबरप्लेटवर सिंहली लिपीतलं 'श्री' अक्षर आलं आणि वातावरण पेटलं. इकडे तरुण त्यावर तमिळ अक्षर रंगवायचे, तिकडे दक्षिणेत तमिळ पाट्यांना डांबर फासलं जायचं. ९ एप्रिल १९५८ रोजी बौद्ध भिक्खू पंतप्रधानांच्या घरासमोर बसले आणि करार रद्द केल्याचं लेखी घेऊनच उठले. महिन्या-दीड महिन्यात दंगली झाल्या. पुढच्या वर्षी बंडारनायकेंचीही हत्या झाली, एका भिक्खूच्या हातून.

चेल्वनायकम यांना एकदा संख्याबळही मिळालं होतं, तेही सांगते. मार्च १९६० मध्ये त्यांचे पंधरा खासदार निवडून आले आणि त्रिशंकू सभागृहात किल्ली त्यांच्या हाती आली. पंतप्रधान डडली सेनानायके यांनी मागण्या मानल्या नाहीत, तेव्हा यांनी विरोधात मत देऊन सरकार पाडलं. जुलैमध्ये पुन्हा निवडणूक झाली आणि बंडारनायकेंच्या पत्नी सिरिमावो यांना स्वबळावर एवढ्या जागा मिळाल्या की यांची गरजच उरली नाही. १९६५ मध्ये डडलींशीच करार झाला, पक्ष सरकारात गेला. जिल्हा परिषदांचं आश्वासन पाळलं गेलं नाही, १९६८ मध्ये पक्ष बाहेर पडला. किल्ली हातात असतानाच्या या दोन अनुभवांतून जे मिळालं ते मला १९५७ पेक्षा कमीच वाटतं.

१९६१ चा सत्याग्रह मात्र वाचताना आजही अंगावर काटा येतो. जाफन्याच्या कच्चेरीसमोर, म्हणजे आपल्या कचेरीसमोरच, शब्द एकच आहे, लोक फेब्रुवारीपासून बसले. कारभार ठप्प झाला. एप्रिलमध्ये पक्षानं स्वतःची टपालसेवा सुरू केली, स्वतःची तिकिटं छापली. तीन दिवसांत आणीबाणी, लष्कर, आणि खासदार सहा महिने स्थानबद्ध.

आता त्यांच्या चुकाही सांगायला हव्यात, नाहीतर हे उत्तर म्हणजे आरती होईल. ते 'तमिळभाषक जनता' म्हणत आणि त्यात पूर्वेकडच्या मुस्लिमांनाही धरत. १९५६ मध्ये पक्षाच्या तिकिटावर मुस्लिम उमेदवार निवडूनही आले, पण पुढे सत्ताधाऱ्यांकडे गेले. घरात तमिळ बोलत असले तरी मुस्लिमांना आपली ओळख वेगळी हवी होती, आणि हे पक्षाला पुरतं उमगलं नाही. दुसरी गोष्ट मला जास्त खुपते. १९६८ मध्ये मावीट्टपुरमच्या कंदस्वामी मंदिरात दलितांना प्रवेश द्यायला सवर्णांनी नकार दिला. हे मंदिर चेल्वनायकमांच्या स्वतःच्या मतदारसंघात. काळारामाचा सत्याग्रह ज्यांना माहीत आहे त्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. ख्रिस्ती असल्यामुळे हिंदू मंदिराच्या भांडणात पडायचं कसं, अशी त्यांची अडचण असेलही. पण ज्या माणसानं मळ्यावरच्या परक्या ठरवलेल्यांसाठी पक्ष सोडला, त्यानं दारातल्या माणसांसाठी तितक्याच ठामपणे उभं राहायला हवं होतं. अल्पसंख्याकांच्या आत आणखी अल्पसंख्य असतात. त्यांच्यासाठी बोलताना आपलेच मतदार दुखावतात, आणि नेमकं तिथे ते कमी पडले.

१९७२ च्या घटनेनं जुन्या घटनेतलं २९ वं कलम काढून टाकलं. एका समाजावर इतरांवर नाहीत अशी बंधनं घालणारा कायदा संसदेला करता येणार नाही, असं ते कलम सांगत होतं. खरं तर तोवर त्याचा फारसा उपयोग झाला नव्हता. मळ्यावरच्या कोडकन पिल्लै यांनी मतासाठी दिलेला खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं १९५३ मध्ये फेटाळला होता. तरी कागदावर एक आधार होता, तोही गेला. ३ ऑक्टोबर १९७२ रोजी चेल्वनायकम यांनी खासदारकीचा राजीनामा दिला आणि सरकारला आव्हान दिलं: पोटनिवडणूक घ्या, तमिळांना ही घटना मान्य आहे का ते मतदारच सांगतील. सरकारनं ती दोन वर्षांहून अधिक रखडवली. तोवर त्यांना कंपवातानं गाठलं होतं, ऐकू कमी येत होतं. फेब्रुवारी १९७५ मध्ये मतदान झालं आणि ते मोठ्या फरकानं निवडून आले. पुढच्या वर्षी वट्टुकोट्टै इथे त्यांच्याच अध्यक्षतेखाली स्वतंत्र तमिळ राष्ट्राचा ठराव झाला. ज्यानं सत्तावीस वर्षं संघराज्य, संघराज्य म्हटलं, त्याच्या तोंडून अखेर हे निघालं. २६ एप्रिल १९७७ रोजी ते गेले. लोक त्यांना तंदै चेल्वा म्हणत, तंदै म्हणजे वडील. त्यानंतरच्या पोरांनी बंदुका उचलल्या, आणि त्या बंदुकांनी तमिळ खासदारांनाही सोडलं नाही. डोक्याला पट्टी बांधून सभागृहात गेलेले ते अमृतलिंगम १९८९ मध्ये कोलंबोत तमिळ वाघांकडूनच मारले गेले.

तर मग मांडण्यातून काय निघालं? १९८७ मध्ये भारत-श्रीलंका करारानंतर तेरावी घटनादुरुस्ती झाली. तमिळ 'हीसुद्धा' राजभाषा असेल असं तिनं म्हटलं आणि प्रांतिक परिषदा आणल्या. ही दुरुस्ती आणि १९५७ चा करार शेजारी ठेवून वाचा. एका घरासमोर फाडला गेलेला कागदच तीस वर्षांनी, हजारो माणसं मेल्यावर, पुन्हा टेबलावर आलेला दिसेल. परिषदांना अधिकार देताना हात आखडताच राहिला, हेही खरं. पण मागणी काय होती, कुणी केली होती आणि कुणी नाकारली होती, हे सभागृहाच्या नोंदीत तारखेनिशी लिहिलेलं होतं. म्हणूनच १९८७ मध्ये ते शून्यातून शोधावं लागलं नाही. माझ्या मते मूठभर खासदारांचं खरं काम हे आहे.

आणि ज्यांच्यापासून ही गोष्ट सुरू झाली ते मळ्यावरचे लोक? १९६४ मध्ये दोन्ही देशांचे पंतप्रधान, शास्त्री आणि सिरिमावो, यांनी त्यांची वाटणी केली. पावणेदहा लाखांपैकी सव्वापाच लाख भारताकडे, तीन लाख सिलोनकडे, उरलेले दीड लाख नंतर बघू. त्यांना कुणी विचारलं नाही. १९७७ मध्ये मळेकामगारांचे नेते तोंडमान डोंगराळ भागातल्या नुवरा एलियातून निवडून आले आणि मळ्यांचा आवाज पुन्हा सभागृहात पोचला. शेवटी ऑक्टोबर २००३ मध्ये श्रीलंकेच्या संसदेनं एकमतानं कायदा केला, की ३० ऑक्टोबर १९६४ पासून देशात राहत असलेल्या भारतीय वंशाच्या सगळ्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना नागरिकत्व मिळेल. १९४८ मध्ये लाइनच्या खोलीत पाळण्यात असलेली मुलगी तोवर पंचावन्न वर्षांची झाली होती.