सूचिपर्णी, अपुष्प की प्रकटबीज?

प्रश्न असा आहे : चीड, देवदार, सायकस, गिंको या सगळ्यांना मिळून मराठीत काय म्हणावे? 'सूचिपर्णी' चालेल का, की 'अपुष्प' म्हणावे?

दोन्ही टाळावेत. 'अपुष्प' हा शब्द शेवाळी, नेचे अशा बी न धरणाऱ्या वनस्पतींसाठी वापरला जातो. या झाडांना फूल नाही, पण बी आहे, आणि उत्क्रांतीत बी फुलाच्या कितीतरी आधी आले. बियांचे सर्वांत जुने जीवाश्म सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. फुलझाडांचे निर्विवाद जीवाश्म १३-१४ कोटी वर्षांपलीकडे जात नाहीत.

'सूचिपर्णी' हे वर्णन पानाचे आहे आणि ते चीड-देवदारांपुरतेच ठीक. सायकसचे पान माडासारखे, गिंकोचे पंख्यासारखे, आणि याच गटातल्या, नामिब वाळवंटातल्या वेल्विचियाला तर जन्मभर दोनच पट्ट्यांसारखी पाने. सह्याद्रीतली नीटमची वेलही याच गटातली; तिची रुंद, जाळीदार शिरांची पाने पाहून तिला कोणीही फुलझाडच समजेल.

योग्य शब्द 'प्रकटबीज' किंवा 'अनावृतबीजी'. मराठी विश्वकोशात पहिला आहे, आणि मला तोच अधिक सुटसुटीत वाटतो. दुसरा वापरायचा तर एकच 'त' लिहावा. 'आवृत' म्हणजे झाकलेले; 'आवृत्त' हे 'आवृत्ती'च्या कुळातले, त्याचा अर्थ फिरून आलेले. पाठ्यपुस्तकी लिखाणातही ही चूक दिसते.

आता 'प्रकट' म्हणजे नेमके काय? बी डोळ्यांना दिसते असे नव्हे. चिडाच्या शंकूत प्रत्येक खवल्याच्या वरच्या अंगाला दोन बीजके (ज्यांच्या पुढे बिया होतात ते भाग) असतात, पण परागण झाल्यावर खवले मिटतात आणि बिया पिकेपर्यंत तशाच राहतात. उघडेपणा परागणाच्या वेळचा. फुलझाडात बीजक अंडाशयात बंद असते, म्हणून पराग कुक्षीवर (अंडाशयाच्या वरच्या, पराग झेलणाऱ्या टोकावर) पडून त्याची नळी आत उतरावी लागते. इथे अंडाशयच नाही. बीजकाच्या तोंडाशी आलेल्या चिकट थेंबात पराग अडकतो आणि थेट बीजकात ओढला जातो.

अंडाशय नाही म्हणून फळही नाही. गिंकोखाली पडणारे पिवळे, उग्र वासाचे 'फळ' हे अख्खे बी आहे. गर म्हणजे बीजावरणाचाच मांसल थर. चिलगोजालाही फळ म्हणू नये, ते चिडाच्याच जातकुळीतल्या पाइनचे बी. शिवाय त्यातला खाण्याचा भाग फलनाआधीच तयार होऊ लागलेली मादी युग्मकधारी (मादी पेशी तयार करणारी) ऊती असते. त्यामुळे तिच्यात गुणसूत्रांचा एकच संच असतो, तर गहू-मक्याच्या पिठूळ भागात तीन.