तेल सरकारचं, मग खटला जिंकला कसा?

प्रश्न : मी चिपळूणला नववीला भूगोल शिकवते. पर्यावरणासाठी झटणाऱ्या व्यक्तींवर मुलांना प्रकल्प दिलाय. एका मुलीने इक्वाडोरच्या नेमोंते नेंकिमो यांची निवड केली आणि मलाच विचारलं, ‘जमिनीखालचं तेल सरकारचं असतं ना, मग या कोर्टात जिंकल्या कशा?’ तिला काय सांगू?
— एक शिक्षिका

उत्तर : बाई, तुमच्या विद्यार्थिनीने नेमक्या जागी बोट ठेवलंय. तिचं कौतुक करा.

इक्वाडोरच्या राज्यघटनेप्रमाणे भूगर्भातलं तेल सरकारच्याच मालकीचं. नेंकिमो आणि त्यांच्या वाओरानी या आदिवासी समाजाचं भांडण तेलाच्या मालकीवरून नव्हतं. ‘आम्हाला रीतसर विचारलंच नाही,’ ही त्यांची तक्रार होती. २००८ च्या त्याच राज्यघटनेने आदिवासींना हक्क दिलाय : त्यांच्या भूमीत उत्खनन करायचं तर आधी, दडपण न आणता आणि पूर्ण माहिती देऊन त्यांच्याशी सल्लामसलत व्हायला हवी. सरकार म्हणत होतं, ती २०१२ मध्येच झाली. वाओरानींचं म्हणणं असं की अधिकारी छोट्या विमानाने आले, थोडा वेळ थांबले आणि निघून गेले. ते काय सांगत होते हे वडीलधाऱ्यांना कळलंही नाही. आजच्या आजी-आजोबांचं बालपण बाहेरच्या जगाशी संबंध नसतानाचं आहे, हे लक्षात घेतलं की त्या घाईतला अन्याय कळतो.

२०१८ मध्ये सरकारने ॲमेझॉनमधले १६ नवे तेलपट्टे, म्हणजे तेल काढण्यासाठी आखलेले भूभाग, लिलावात काढायचं जाहीर केलं. त्यातला २२ क्रमांकाचा पट्टा वाओरानींच्या जंगलावरच येत होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये पास्तासा प्रांतातल्या वाओरानींनी खटला भरला. मार्चमधल्या सुनावणीला योग्य दुभाषा नव्हता, तेव्हा म्हाताऱ्या बायका कोर्टातच उभ्या राहून गाऊ लागल्या. सुनावणी थांबवावी लागली. २६ एप्रिलला पुयो शहरातल्या न्यायाधीशांनी वाओरानींच्या बाजूने निकाल दिला आणि जुलैमध्ये अपिलातही तो टिकला. सुमारे २ लाख हेक्टर जंगल लिलावातून वाचलं. पुढच्या वर्षी नेंकिमोंना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. पास्तासातल्या वाओरानींच्या संघटनेच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष, हेही सांगा.

मला या साऱ्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते नकाशाचं काम, आणि तुम्ही तर भूगोलाच्याच! तेलपट्ट्यांचा नकाशा पाहिला तर तिथे चौकट असते आणि आत आकडा, २२. माणूस नाही, वाट नाही. वाओरानींनी मग आपला नकाशा स्वतः केला. जाणती मंडळी आणि तरुण पोरं जीपीएस घेऊन जंगल पायी फिरली. मासे कुठे मिळतात, ओढा कुठून ओलांडायचा, कुठलं औषधी झाड कुठे आहे, जग्वारच्या वाटा, प्राण्यांच्या विणीच्या जागा, पूर्वजांच्या लढाया झालेली ठिकाणं, सगळं त्यावर आलं. खुणासुद्धा त्यांनीच ठरवल्या. ‘इथे कुणी राहत नाही’ असं तो नकाशा बघून कोण म्हणेल? वडीलधाऱ्यांच्या डोक्यातलं ज्ञान कागदावर आणणं हे पुरस्काराहून मोठं काम आहे, असं मी मानते.

मात्र ‘जंगल कायमचं वाचलं’ असं मुलीला लिहू देऊ नका. निकालाचा गाभा इतकाच की रीतसर विचारल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. विचारणं वेगळं आणि संमती वेगळी. नकाराचा हक्क मिळावा म्हणून तिथले आदिवासी अजून झगडताहेत. दुसरीकडे, यासुनी राष्ट्रीय उद्यानातल्या एका पट्ट्यातलं तेल जमिनीतच राहू द्यावं, असा कौल २० ऑगस्ट २०२३ च्या सार्वमतात सुमारे ५९ टक्के मतदारांनी दिला. अंमलबजावणी मात्र रेंगाळली.

प्रकल्पात पुरस्कारांची जंत्री नको. तिला एका पानावर नुसत्या चौकटी आणि आकड्यांचा नकाशा काढायला सांगा, समोरच्या पानावर वाओरानींच्या खुणांचा. मग वर्गाला विचारा, न्यायाधीशाच्या जागी असता तर यातला कुठला पुरावा तुम्ही आधी हातात घेतला असता.